‘पाठलाग’ पाहिल्यावर लोक काय म्हणतात?

(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. आदल्या रात्री ‘पाठलाग’ हा चित्रपट पडद्यावर दाखवला होता. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल रात्री आपण ‘पाठलाग’ पाहिला. पाहून झाल्यावर बराच वेळ इथंच मांडवात बोलणं चाललं होतं. कोण काय म्हणतंय ते मी कान देऊन ऐकत होतो. आजचं व्याख्यान खरं तर त्या बोलण्यावरच आहे. सिनेमा कसा आहे हे मी सांगणार नाही, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याबद्दल आपण जी मतं देतो, ती मतं कुठून येतात आणि त्यांतून आपण स्वतःबद्दल काय सांगून जातो, एवढंच आज तपासायचं आहे.

जे हे व्याख्यान नंतर घरी बसून ऐकतील किंवा वाचतील त्यांना एक सूचना. मी शेवट सांगणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या. नाहीतर मला बोल लावू नका.

थोडी माहिती आधी देतो. ‘पाठलाग’ 1964 सालचा. दिग्दर्शक राजा परांजपे. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ काढणारे तेच राजाभाऊ. म्हणजे लोकांना हसवणारा आणि हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारा माणूस. त्यांनी रहस्यपट काढला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे. काशीनाथ घाणेकर वकील आहेत, भावना ही अभिनेत्री दुहेरी भूमिकेत आहे, गाणी गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये त्याचा ‘इदय कमलम्’ झाला आणि 1966 साली हिंदीत राज खोसलांनी ‘मेरा साया’ केला. मराठी गोष्ट उचलून तमिळ आणि हिंदीवाल्यांनी सिनेमे काढावेत, हे तेव्हाही रोज घडत नव्हतं.

गोष्टीचा सांगाडा तिन्हीकडे एकच. एका प्रतिष्ठित वकिलाची बायको वारलेली आहे. तिचं सगळं क्रियाकर्म झालंय. तो दुःखात आहे. तेवढ्यात पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात. ती दिसायला हुबेहूब त्याच्या बायकोसारखी. आणि ती म्हणते, मी दरोडेखोर नाही, मी यांची बायको आहे. प्रकरण कोर्टात जातं. ती अशा खासगी गोष्टी सांगते की ज्या बायकोशिवाय कोणाला ठाऊक असणार नाहीत. तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. कारण बायको गेली हे नवऱ्यानं स्वतः पाहिलेलं आहे. शेवटी कळतं की ती खरंच बायको आहे. मेली ती तिची जुळी बहीण.

आता याला आपण ‘फिल्म न्वार’ म्हणायचं का? हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ काळा सिनेमा. 1946 साली नीनो फ्रांक या फ्रेंच समीक्षकानं अमेरिकेतून आलेल्या काही गुन्हेपटांना तो लावला. ज्यांनी ते सिनेमे काढले त्यांना आपण असं काही करतोय हे ठाऊकही नव्हतं. त्या सिनेमांत रात्र असते, अर्धा चेहरा अंधारात असतो, खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर पडलेली असते. पण ही सगळी वरवरची ओळख झाली. खरी ओळख अशी, की तिथला शोध घेणारा माणूस स्वतः कोरडा राहत नाही. शेरलॉक होम्स गुन्हा सोडवतो आणि व्हायोलिन वाजवायला बसतो. न्वारमधला डिटेक्टिव्ह ज्याचा शोध घेतो त्यात स्वतःच अडकलेला असतो.

आपल्याकडे हे लवकरच आलं. राज खोसलांचाच ‘सी. आय. डी.’ घ्या, 1956 सालचा. निर्माता गुरुदत्त, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. एका संपादकाच्या खुनाचा तपास करणारा इन्स्पेक्टर, देव आनंद, पुढे स्वतःच आरोपी ठरतो आणि पोलिसांपासून पळत सुटतो. आपल्यातल्या जुन्या लोकांना त्यातली गाणी आठवतात, जॉनी वॉकर आठवतो. पण तपास करणाऱ्यावरच तपास उलटणं, हा त्या सिनेमाचा गाभा. दहा वर्षांनी त्याच राज खोसलांनी ‘पाठलाग’ची गोष्ट निवडली, यात मला तरी नवल वाटत नाही. ‘पाठलाग’मध्ये डिटेक्टिव्ह नावाचं वेगळं पात्र असायची गरजच नाही. समोर उभी असलेली बाई कोण, हे शोधून काढायचं काम ज्याच्यावर येतं तो तिचा नवराच आहे. याहून जास्त अडकलेला तपासनीस कुठे मिळणार?

तर आता मतांकडे येऊ.

पहिलं मत, सगळ्यांत जास्त ऐकू येणारं. ‘शेवट कळला की संपलं. दुसऱ्यांदा काय पाहायचं?’ रहस्यपटाला लोक फटाक्यासारखं मानतात, एकदा वाजला की झाला. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना वाचायची सवय लावली. गावोगावच्या वाचनालयांत ती पुस्तकं फाटेपर्यंत फिरली. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा किती मिळाली? एकदा वाचून टाकायचं लिखाण, म्हणून ते बाजूला पडलं.

पण मंडळी, शेवट माहीत असला की मजा जाते, हे झाडीपट्टीतल्या माणसानं म्हणावं? दिवाळी झाली की इथं मंडई भरते, मंडईला रात्री नाटक लागतं, आणि पहाटेपर्यंत माणसं थंडीत घोंगडं पांघरून बसतात. नाटकाचं नाव ऐकलं तरी शेवटी काय होणार ते आपल्याला कळतं. दंडारीत काय होणार ते माहीत असतं. रामायणात रावण मरणार हे काय गुपित आहे? तरी आपण बसतो. कारण काय होणार यापेक्षा ते होताना माणसं कशी वागतात, हे आपल्याला पाहायचं असतं.

आता गंमत पाहा. मूळ कादंबरीचं नाव काय आहे? ‘आशा परत येते’. लेखकानं मुखपृष्ठावरच सांगून टाकलं की ती परत येते! वाचकाला पहिल्या पानाआधीच सूचना मिळालेली आहे. सिनेमावाल्यांनी ते नाव बदलून ‘पाठलाग’ केलं. का केलं ते मी सांगू शकत नाही, पण परिणाम काय झाला ते सांगू शकतो. जुन्या नावात बाई करती आहे, ती परत येते. नव्या नावात कोण कोणाचा पाठलाग करतंय ते कळत नाही, आणि पाहणारा आपोआप पाठलाग करणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. म्हणजे नवऱ्याच्या बाजूला, पोलिसांच्या बाजूला. हिंदीत तर ‘मेरा साया’. त्यात बाई सावलीच होऊन गेली. एका गोष्टीची तीन नावं, आणि प्रत्येक नाव पाहणाऱ्याला वेगळ्या खुर्चीवर बसवतं.

म्हणून माझं म्हणणं आहे, हा सिनेमा दुसऱ्यांदाच पाहायचा असतो. पहिल्यांदा आपण ‘ही कोण’ हा प्रश्न धरून बसतो. दुसऱ्यांदा आपल्याला ठाऊक असतं की ती खरं बोलतेय. मग तेच कोर्ट, तेच प्रश्न, तीच उत्तरं, पण सगळं बदलतं. पहिल्यांदा जी हुशार भामटी वाटत होती ती आता खरं बोलून थकलेली बाई दिसते. वकिलाचे जे प्रश्न पहिल्यांदा धारदार वाटले होते, ते दुसऱ्या वेळी ऐकवत नाहीत.

दुसरं मत थोडं रागाचं. ‘एवढा शिकलेला वकील, त्याला स्वतःची बायको ओळखू येत नाही म्हणजे काय? पटत नाही.’ आणि याचंच जोडमत: ‘जुळी बहीण काढली म्हणजे फसवणूक झाली. आधी कुठं सांगितलं होतं?’

जुळी बहीण हा सोपा तोडगा आहे, हे मी नाकारत नाही. त्याच 1964 साली राज खोसलांचा ‘वो कौन थी’ आला, त्यातही कोड्याचं उत्तर जुळी बहीणच. रहस्यपटात अशी उसवण असायचीच. अमेरिकेत ‘द बिग स्लीप’ नावाचा न्वार आहे, 1946 चा. त्यात एक ड्रायव्हर मरतो. त्याला कोणी मारलं हे काही केल्या लागेना, म्हणून मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला विचारलं, तर तोही म्हणाला, मला माहीत नाही. तरी तो सिनेमा आज जगभर पाहिला जातो. कथानकाची शिवण उसवलेली आहे की नाही यावर सिनेमाचं मोल ठरत नाही. उसवलेल्या जागेतून आत काय दिसतं ते महत्त्वाचं.

मग इथं काय दिसतं? नवऱ्याला बायको ओळखू येत नाही, हे दोष म्हणून सोडून देऊ नका. तीच सिनेमाची गोष्ट आहे. त्याला चेहरा ओळखू येतो, आवाज ओळखू येतो, तिच्या आठवणी पटतात. तरी तो ‘हीच ती’ म्हणू शकत नाही. कारण ती आता दरोडेखोरांच्या टोळीतून आलेली आहे. पोलिसांच्या बेडीत आहे. घरच्या माणसाची ओळख आपण नुसत्या चेहऱ्यावरून ठरवत नाही, ते माणूस कुठून आलं यावरूनही ठरवतो. आणि बाई असेल तर जरा जास्तच.

हे मी उगाच म्हणत नाही. परत आलेल्या माणसाचा आपला इतिहास काढून पाहा. पानिपतावर 1761 साली सदाशिवराव भाऊ पडले. पुढं एक माणूस उभा राहिला, म्हणाला, मीच भाऊसाहेब. त्याच्यामागं फौज जमली, किल्ले त्याला मिळाले, सरदार फिरले. 1776 साली त्याला देहदंड झाला तोपर्यंत त्यानं पेशवाई हलवून सोडली. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. तो खोटा होता, तरी हजारो लोकांनी विश्वास ठेवला.

बंगालमधलं भावलच्या संन्याशाचं प्रकरण तर अजून जवळचं. भावल संस्थानाचा मधला कुमार 1909 साली दार्जिलिंगला वारला असं सगळे धरून चालले होते. 1921 साली ढाक्याला एक संन्यासी प्रकटला. लोक म्हणाले, हाच तो. त्याची बायको म्हणाली, हा माझा नवरा नाही. खटला उभा राहिला. 1936 साली निकाल संन्याशाच्या बाजूनं लागला, कलकत्ता हायकोर्टानं तो उचलून धरला आणि 1946 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनंही. बायको नाही म्हणत होती, तरी तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांनी परत आलेल्या पुरुषाचं म्हणणं मान्य केलं.

आता ‘पाठलाग’ आणि ‘मेरा साया’ यांच्याशी ताडून पाहा. परत आलेली बाई. तिचं म्हणणं खरं आहे. नवरा नाही म्हणतो. आणि नवरा नाही म्हणाला की विषय संपतो. हिंदी सिनेमात तर ती वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडते. परत आलेल्या बाईनं पुरावा द्यायचा असतो, हे आपल्याला नवीन आहे का? लंकेहून परत आलेल्या सीतेची गोष्ट आपण दरसाल ऐकतो. त्यामुळं ‘नवऱ्याला ओळखू कसं आलं नाही’ असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो: तुम्हाला तरी कुठं आलं? पाऊण सिनेमा होईपर्यंत तुम्हीही तिला भामटीच समजत होता. मीसुद्धा.

इथं एक काळाचा संदर्भ ठेवतो. 1959 साली मुंबईत नानावटी खटला झाला. नौदलातल्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथं शिक्षा झाली आणि 1961 साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. या खटल्याच्या बातम्या लोक रोज वाचत होते, चहाच्या टपरीवर निकाल देत होते. पुढं ज्युरीची पद्धत आपल्याकडून गेली. पण लोकांमधला ज्युरर गेला नाही. तो थिएटरात जाऊन बसला. 1964 साली ‘पाठलाग’ पाहायला आलेला प्रेक्षक असा निकाल द्यायला चटावलेला प्रेक्षक होता. सिनेमा त्याला म्हणतो, घे, दे निकाल. आणि तो चुकीचा निकाल देतो. आजही देतो. मला वाटतं, या सिनेमाची खरी हुशारी ही आहे.

तिसरं मत इथलं, सीमेवरचं. काल बरेच जण म्हणाले, ‘आम्ही मेरा साया पाहिला होता, पाठलाग आत्ताच पाहिला. मेरा साया बरा वाटतो.’ हे अगदी साहजिक आहे. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा. 1956 पर्यंत तो जिल्हा आणि हा भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. इथला माणूस हिंदी सिनेमा परका म्हणून पाहत नाही. पुण्या-मुंबईचा समीक्षक ‘मूळ मराठीच श्रेष्ठ’ म्हणून मोकळा होतो. आपल्याला तसं म्हणून चालणार नाही, आपल्याकडं दोन्ही आहेत, तर दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

‘मेरा साया’ रंगीत आहे, उदयपूर आहे, तळं आहे, सुनील दत्त आणि साधना आहेत, मदनमोहनचं संगीत आहे. पाहायला तो सुखाचा आहे यात वाद नाही. ‘पाठलाग’ कृष्णधवल, साधा, घरगुती. पण रंगीत झाल्यावर या गोष्टीचं एक नुकसान होतं. ठाकूरच्या महालात सगळंच इतकं सुंदर आहे की भय टिकत नाही. मराठी वकिलाचं दुःख आपल्या शेजारच्या घरातलं वाटतं. शेजारच्या घरात असं होऊ शकतं, ही भीती मोठी.

आणि एक बारीक गोष्ट सांगतो, ती मला फार मोलाची वाटते. गाण्यांकडं लक्ष द्या. ‘मेरा साया’मध्ये बायकोची आठवण होऊन पुन्हा पुन्हा येणारं शीर्षकगीत लताबाईंच्या आवाजात आहे. आणि ते झुमक्याचं गाणं, बाजारात नाचणारीचं, ते आशाबाईंच्या आवाजात. हिंदी सिनेमानं त्या काळात आवाजांची वाटणी करून ठेवली होती. घरातली बाई एका आवाजात, बाजारातली दुसऱ्या. म्हणजे कोर्टात काहीही चालू असो, कानानं सिनेमा पाहणाऱ्याला अर्धं उत्तर मिळालेलं आहे: या दोघी वेगळ्या आहेत.

मराठीत काय आहे? ते डोळ्यांच्या पाखरांचं गाणं आशाबाईंचं. आणि ती ठसक्याची लावणी, तीही आशाबाईंचीच. डावजेकरांनी दोन्ही एकाच गळ्याला दिली. घरातली बाई आणि नाचणारी बाई, दोघींचा आवाज एक. ऐकणाऱ्याला फरक करताच येत नाही. आणि फरक करता न येणं हाच तर या गोष्टीचा कणा आहे. हे ठरवून झालं की सहज झालं, याच्याशी मला कर्तव्य नाही. पडद्यावर जे आहे ते असं आहे. ‘गाणी चांगली होती’ असं आपण मत देतो आणि पुढं जातो. गाणी गोष्टीत काय काम करत होती, हेही कधी विचारावं.

म्हणून हिंदी बरा की मराठी, याचं माझं उत्तर असं: पाहायला हिंदी देखणा आहे, पण कोड्याशी प्रामाणिक मराठी आहे.

आता शेवटचं मत. ते मत नव्हतं, प्रश्न होता. काल सिनेमा संपला, माणसं उठायला लागली, आणि मागच्या बाजूनं एक वयस्कर बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘मंग ते बहीन मेली, तिच्यासाठी कोनीच रडलं नाही का?’

मंडळी, रहस्यपटावर मी बरंच वाचलं आहे. पण या प्रश्नाएवढं नेमकं बोललेलं फार थोडं आहे.

बघा ना. बायको मेली असं समजून सगळे रडले. वकील रडला, घर रडलं, पाहणारे रडले. नंतर कळलं, ती बायको नव्हती, तिची बहीण होती. मग आपण काय केलं? सुटकेचा निःश्वास टाकला. ती जिवंत आहे! शेवट गोड झाला. पण एक बाई मेलीच आहे की. तिची चिता जळालीच आहे. फक्त नाव बदललं आणि आपलं दुःख परत घेतलं. दुकानात दिलेला माल ‘चुकून दिला’ म्हणून परत घ्यावा, तसं.

अमेरिकेत 1944 साली ‘लॉरा’ नावाचा न्वार आला. ऑटो प्रेमिंजर दिग्दर्शक. ‘पाठलाग’शी त्याचं नातं जुळतं. लॉरा नावाच्या बाईचा खून झालाय, तपास करणारा डिटेक्टिव्ह भिंतीवरच्या तिच्या तसबिरीच्या प्रेमात पडतो. एका रात्री तो त्या तसबिरीखाली डुलकी घेत असतो आणि लॉरा दार उघडून आत येते. जिवंत. मेली ती दुसरीच, डायन रेडफर्न नावाची एक मॉडेल. तिचा चेहरा गोळीनं ओळखू येईनासा झाला होता. इथंही परत आलेल्या बाईचं स्वागत कशानं होतं? संशयानं. डिटेक्टिव्ह तिला पोलीस ठाण्यात नेतो, तोंडावर दिव्याचा झोत टाकून प्रश्न विचारतो. आणि डायन? तिच्यासाठी कोणी रडत नाही. लॉरावर इतकं लिहिलं गेलं, पण सिनेमा पाहिलेल्यांना डायनचं नाव विचारा, बहुतेकांना आठवणार नाही.

म्हणजे या जातीच्या सिनेमांचा एक हिशेब आहे. आवडती बाई परत मिळावी म्हणून एक नावडती बाई खर्ची पडते. ‘मेरा साया’त ती टोळीत गेलेली, बदनाम, आजारी बहीण आसऱ्याला म्हणून बहिणीच्या घरी येते. तिथं ती दुसरीच्या नावानं मरते. स्वतःच्या नावानं तिला मरणसुद्धा मिळत नाही. बायकोनं ही बहीण इतकी वर्षं लपवून ठेवली होती, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. का? घरंदाजपणाला धक्का लागेल म्हणून. आणि पुढं त्याच लपवण्यानं तिचा घात केला. बहीण आहे हे घरात माहीत असतं, तर कोर्टाची पायरीच चढावी लागली नसती. सगळं रहस्य कशातून जन्माला आलं? एका बाईचं नाव घरात न काढण्यातून.

आता हे आपल्या ओळखीचं आहे की नाही? प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादं नाव असतं जे काढायचं नसतं. पळून गेलेली आत्या, कुठं गेली ते न सांगितलेला काका. लग्नाच्या पत्रिकेत ते नाव नसतं. काल त्या बाईंनी जे विचारलं त्यात ही सगळी नावं आली.

तर मंडळी, प्रेक्षकाचं मत ही हलकी गोष्ट नाही, हे सांगायला मी आलो होतो. समीक्षक प्रकाश, सावली, पटकथा याबद्दल बोलतो, ते बोललं पाहिजे. पण न्वारचा खरा प्रश्न दोषाचा असतो: यात माझा हात किती? आणि तो प्रश्न पडद्यावरच्या माणसाइतकाच समोर बसलेल्यालाही लागू आहे. आपण त्या बाईवर विश्वास ठेवला नाही, हा एक. आपण मेलेल्या बहिणीसाठी रडलो नाही, हा दुसरा. हे दोन्ही ‘पाठलाग’ आपल्याकडून करवून घेतो. पहिल्याची कबुली तो शेवटी आपल्याकडून घेतो. दुसऱ्याची घेत नाही. तिथं सिनेमा थोडा कमी पडला, असं माझं मत. त्याची भरपाई काल मागच्या बाजूनं झाली.

प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न: सर, दिग्दर्शकाला हे सगळं अभिप्रेत होतं का? तुम्ही जास्तच काढताय असं नाही वाटत?

उत्तर: वाटू शकतं, आणि असं विचारणारा माणूस प्रत्येक सभेत असलाच पाहिजे. राजाभाऊंनी लोकांना तीन तास जागेवर खिळवायचं ठरवलं असेल, एवढंच. पण शेतकरी धान पेरतो तेव्हा बांधावर जे गवत उगवतं तेही त्याच शेतातलं असतं ना? त्याला विचारून ते उगवत नाही. मी पडद्याबाहेरचं काही आणलं असेल तर मला धरा. बहीण मरते, ही गोष्ट पडद्यावरची. तिच्यासाठी शोक होत नाही, हीही पडद्यावरचीच. त्याचा अर्थ काय लावायचा, तो माझा. तुम्ही वेगळा लावा.

प्रश्न: नातवंडांना आधी कोणता दाखवू? मराठी की हिंदी?

उत्तर: मराठी आधी, कारण कोडं त्यात जास्त घट्ट आहे. आणि एक करा. ते पाहत असताना तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. शेवट सांगायचा मोह होईल, आवरा. मध्येच थांबवून एवढंच विचारा, ‘तुला ही बाई खरी वाटते का?’ ते काय म्हणतात ते ऐका. सिनेमा संपल्यावर तेच त्यांना आठवण करून द्या. मग पुन्हा एकदा लावा.